बंद मोटार आणि कुत्र्याचा जीव

तंजावूरच्या राजवाड्यात भर उन्हाळ्यातही दालनांत काहीसा गारवा जाणवतो. जाड भिंती उष्णता सावकाश शोषून घेतात. ती आत पोहोचेपर्यंत दुपार कलू लागते. राजवाड्याबाहेर उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत मात्र नेमके याच्या उलट घडते. पातळ पत्रा लवकर तापतो. काचेतून आलेल्या प्रकाशाने आसने तापतात आणि त्यांच्यामुळे आतील हवा तापते. ही हवा बाहेर पडू शकत नाही. तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णतेची प्रारणेही काच अडवून धरते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी यासंबंधी केलेले प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाले. बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सिअस तापमान असता मोटारीतील तापमान एका तासात सरासरी २२ अंशांनी वाढले, आणि यांतील चार-पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा दीड इंच उघड्या ठेवूनही फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाहेर ३६ अंश असता, सरस्वती महाल ग्रंथालयाचे संग्रहालय अर्ध्या तासात पाहून प्रवासी परततो, तेव्हा मोटारीत सुमारे ५३ अंश तापमान असू शकते.

अशा मोटारीत कोंडलेल्या कुत्र्याचे काय होते? मनुष्याच्या सर्वांगाला घाम येतो व त्याच्या बाष्पीभवनाने शरीर निवते. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळपायांना. त्याची सारी भिस्त धापा टाकण्यावर असते. परंतु त्याच्याच उच्छ्वासाने कोंडलेली हवा दमट होते आणि बाष्पीभवन मंदावते. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ अंशांपलीकडे गेल्यास उष्माघात होऊन मेंदू, यकृत व मूत्रपिंडे यांना इजा पोहोचते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा धोका अधिक.

म्हणून कुत्र्याला मोटारीत एकटे सोडू नये. एकाने त्याच्यासह बाहेर सावलीत थांबावे, अथवा त्याला घरीच ठेवावे. झाडाच्या सावलीवरही विसंबू नये; सूर्याबरोबर सावली सरकते. कुत्रा जोराने धापा टाकू लागला, लाळ गळू लागली, तोल जाऊ लागला, तर त्यास तत्काळ सावलीत आणून अंगावर गार पाणी ओतावे व वारा घालावा. शुद्धीवर असल्यास थोडे थोडे पाणी पाजावे आणि विलंब न लावता पशुवैद्याकडे न्यावे.

शंका वाटल्यास वाचकांनी उन्हातील रिकाम्या मोटारीत तापमापक ठेवून अर्ध्या तासाने पाहावा.