इंजिन तेवढेच, शक्ती एकोणीसपट!

पावसाळ्यात मुरबाडहून माळशेज घाटाकडे मोटारींची रीघ लागते. तीत एखादी स्पोर्ट्स कार दिसली, की मुले हमखास विचारतात, "सर, हिचं इंजिन केवढं मोठं असेल हो?" उत्तर ऐकून त्यांना नवल वाटते.

दोन मोटारी घेऊ. एक १९०८ ते १९२७ या काळात बनलेली फोर्ड मॉडेल टी, दुसरी २०१९ची पोर्शे ९११ कॅरेरा. पहिलीचे इंजिन २.९ लिटरचे, दुसरीचे ३ लिटरचे. म्हणजे आकारमान जवळजवळ सारखेच! पण मॉडेल टीची शक्ती २० अश्वशक्ती, म्हणजे १५ किलोवॅट. कॅरेराची मात्र २८३ किलोवॅट. सुमारे १९ पट!

ही वाढ आली कोठून? शक्ती म्हणजे दर सेकंदाला होणारे कार्य. पूर्ण शक्ती देताना जुने इंजिन मिनिटाला १,६०० फेरे घेई. नवे ६,५०० घेते. येथे चौपट झाली. शिवाय प्रत्येक फेऱ्यातील कार्यही साडेचारपटीहून अधिक वाढले. जुन्या इंजिनात दट्ट्या मिश्रणाला सुमारे एकचतुर्थांश जागेत दाबत असे. नव्यात सुमारे एकदशांश जागेत दाबतो. त्यातच टर्बोचार्जर जास्त हवा आत कोंबतो. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन जळते.

मॉडेल टीची एक गंमत ऐका. तिला पेट्रोलचा पंप नव्हता. आसनाखालच्या टाकीतून पेट्रोल स्वतःच्या वजनाने इंजिनाकडे उतरे. टाकीत पेट्रोल कमी असताना मोठा चढ लागला, की इंजिन टाकीपेक्षा उंच जाई आणि पेट्रोल पोहोचेना. मग चालक गाडी वळवून चक्क उलटी चढवीत!

आता गाडी थांबवून पाहू. मॉडेल टीचा ब्रेक फक्त मागच्या चाकांवर चाले. तिचे मंदन ३ मीटर प्रति सेकंद वर्ग धरू. नव्या गाडीची चारही चाके रोखली जातात. कोरड्या रस्त्यावर तिचे मंदन ८ धरू. चालकाला धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो. थांबण्याचे अंतर असे येते:

जुनी, ताशी ६० किमी : १७ + ४६ = ६३ मीटर
नवी, ताशी ६० किमी : १७ + १७ = ३४ मीटर
नवी, ताशी १२० किमी : ३३ + ७० = १०३ मीटर

पाहिलेत? वेग दुप्पट झाला, तर ब्रेकचे अंतर चौपट झाले, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नवी गाडी दुप्पट वेगाने आली, की तिच्या उत्तम ब्रेकचा फायदा पार बुडतो. ओल्या रस्त्यावर घर्षण निम्मे झाले, तर ७० मीटरचे १४० होतात.

शक्ती १९ पट झाली, पण माणसाचा तो एक सेकंद तेवढाच राहिला. शहापूरला महामार्ग ओलांडताना "गाडी लांब आहे" एवढेच पाहू नका. ती किती वेगाने येते आहे, तेही पाहा.

करून पाहा : शाळेच्या मैदानावर १० मीटरच्या दोन खुणा करा. सायकल हे अंतर आधी ५ सेकंदांत, मग २.५ सेकंदांत पार करू द्या. दुसऱ्या खुणेवर सारख्याच जोराने ब्रेक दाबा आणि दोन्ही वेळचे थांबण्याचे अंतर मोजा. ते दुप्पट येते की चौपट?