डोळ्यावरील नागीण व दुर्बळ मूत्रपिंडें

डोळ्याच्या दुखण्यासाठीं गेलेल्या रोग्यास वैद्यानें मूत्रपिंडांची प्रकृति विचारली, तर पुष्कळांस नवल वाटतें. साथीनें येणारे डोळे थंड पाण्याच्या घड्या व स्वच्छता यांनीं बहुधा बरे होतात; त्यांची गोष्ट निराळी. येथें विचार करावयाचा तो डोळ्यावर उठणाऱ्या नागिणीचा.

लहानपणीं कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचे विषाणु मज्जातंतूंच्या मुळाशीं निद्रिस्त राहतात आणि वार्धक्यांत किंवा अशक्तपणांत पुन्हां जागृत होतात. कपाळाच्या एकाच बाजूस आग होऊन फोड उठले आणि नाकाच्या शेंड्यावरहि दिसूं लागले, तर डोळा संकटांत आहे असें समजावें. कारण या दोन्ही ठिकाणीं एकाच मज्जातंतूच्या शाखा पोंचतात. नागिणीचीं टोकें जुळलीं म्हणजे माणूस दगावतो ही समजूत निराधार आहे. दृष्टि जाण्याचें भय मात्र खरें आहे.

यावर ॲसायक्लोव्हिर नांवाचें औषध देतात. तें विषाणूनें ग्रासलेल्या पेशींतच मुख्यतः कार्य करूं लागतें, ही त्याची मोठी खुबी. ज्यांच्या संशोधनपरंपरेंतून तें निघालें, त्या गर्ट्रूड एलियन बाई १९८८ सालीं नोबेल पारितोषिकाच्या एक मानकरी झाल्या. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आंत औषध सुरू व्हावें. धडधाकट प्रौढास ८०० मिलिग्रॅम, दिवसांतून ५ वेळां, निदान ७ दिवस, असें त्याचें माप आहे.

परंतु हें औषध बहुतांशीं मूत्रावाटेंच शरीराबाहेर पडतें. निरोगी माणसाच्या रक्तांतील त्याचा अंश सुमारें ३ तासांत निम्मा होतो. मूत्रपिंडें बंद पडलेल्यांस त्यालाच सुमारें २० तास लागतात. मोरी तुंबली असतां नळ चालूच ठेवावा, तसा हा प्रकार! मग रोगी बरळूं लागतो, हात कांपतात, गुंगी येते. घरचीं माणसें म्हणतात, आजोबांस वात झाला. शिवाय औषधाचे स्फटिक सूक्ष्म नलिकांत सांचून मूत्रपिंडें अधिकच बिघडण्याचा संभव असतो.

म्हणून मूत्रपिंडें अगदीं निकामी असल्यास तेंच ८०० मिलिग्रॅम दिवसांतून दोनदांच देतात. यंत्रानें रक्तशुद्धि करतांना औषधहि निघून जातें, यास्तव त्या दिवशींचें औषध शुद्धीनंतर द्यावें लागतें. भयानें तें अजिबात न देणें हेंहि बरें नव्हे. तेणें डोळा गमवावा लागेल. डोळ्यांत घालावयाच्या मलमाचा अंश रक्तांत फारच थोडा उतरतो, पण नागिणीस केवळ मलम पुरत नाहीं.

रक्तांतील क्रिॲटिनिनच्या आंकड्यावरून मूत्रपिंडांची शक्ति ताडतात. मात्र कृश वृद्धांत हा आंकडा चांगला दिसूनहि मूत्रपिंडें दुर्बळ असूं शकतात, म्हणून वय व वजनहि हिशेबांत धरावें लागतें. आजीआजोबांबरोबर नेत्रवैद्याकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यानें त्यांचे जुने तपासणीचे कागद संगतीं न्यावे. वृद्ध माणसें ही गोष्ट आपण होऊन सांगत नाहींत. औषध चालू असतां रोगी बरळूं लागला, तर त्याच दिवशीं वैद्यास कळवावें. वेळीं औषध थांबवून जरूर तर रक्तशुद्धि केल्यास हा भ्रम बहुधा थोड्या दिवसांत ओसरतो.