न मागवलेले पुडके

प्रश्न : माझ्या नावे, अचूक पत्त्यावर, एक पैसाही न मागता पुडके आले. आत हलकीशी अंगठी आहे. घरात कोणीही ती मागवलेली नाही. ठेवावी काय?

उत्तर : वस्तू दारात येऊन पडली एवढ्यावरून तिच्या किमतीची जबाबदारी आपल्यावर येत नाही, कारण केवळ मौन म्हणजे कबुली असे आपला करारविषयक कायदा सामान्यतः मानीत नाही, परंतु त्याच १८७२च्या अधिनियमातील ७०व्या कलमाखालचे उदाहरण असे की, व्यापाऱ्याने चुकून एखाद्याच्या घरी ठेवलेला माल त्या इसमाने आपलाच समजून वापरला, तर त्याचे मोल त्याला चुकते करावे लागते. सबब अंगठी तूर्त बोटात घालू नये.

मात्र येथे चुकीपेक्षा लबाडीचाच संभव मला अधिक वाटतो. काही ऑनलाइन विक्रेते स्वतःच्याच मालाची खोटी मागणी नोंदवून, कोठून तरी हस्तगत केलेल्या खऱ्या नावापत्त्यावर क्षुल्लक वस्तू रवाना करतात, आणि पोहोच नोंदली जाताच त्या ‘ग्राहका’च्या नावे आपली मुक्तकंठ स्तुती प्रसिद्ध करतात. २०२० साली अमेरिकेत घरोघरी आलेल्या बियाण्यांच्या गूढ पुड्यांविषयी तेथील कृषिखात्याचा तर्क हाच होता. ते बियाणे पेरू नये, अशी ताकीदही त्याने दिली होती.

पुडक्यावरील क्यूआर कोड स्कॅन करू नये, ‘परतीसाठी’ ओटीपी मागणाऱ्यास तो देऊ नये, आणि खरेदीच्या खात्याचा पासवर्ड आजच बदलावा. वेष्टनावर संकेतस्थळाचे नाव असल्यास तेथे लेखी कळवावे; दाद न मिळाल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि बँक खात्यातून रक्कम गेलीच, तर विनाविलंब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.