सभासद : संस्थेचा खरा पाया

गावात वाचनालय, व्याख्यानमाला किंवा रुग्णसाहाय्य मंडळ काढावयाचे ठरले की प्रथम पावतीपुस्तके छापली जातात. वर्गणी देईल तो सभासद, असा सोपा हिशेब मांडला जातो. पहिल्या वर्षी यादी वाढते. दुसऱ्या वर्षी सभेला गणपूर्तीही होत नाही. वस्तुतः १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमान्वये साहित्यिक, शास्त्रीय अथवा धर्मादाय हेतूने एकत्र आलेल्या सात व्यक्तीही संस्थेची नोंदणी करू शकतात. तेव्हा प्रश्न संख्येपेक्षा निवडीचा अधिक आहे. पुण्यातील दोन संस्थांनी तो कसा सोडविला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

लोकांचा विश्वास

२ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे सभासदत्व केवळ इच्छेवर मिळत नसे. किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र उमेदवारास आणावे लागे. प्रारंभीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० लोकांची संमती होती. गणेश वासुदेव जोशी यांच्या या सभेने १८७६-७७ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. सभासदाला लोक ओळखतात काय, ही तिची पहिली कसोटी होती.

कार्याची तयारी

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन केला. तेथे नव्या सभासदास पाच वर्षे अभ्यास व प्रशिक्षण करावे लागे आणि सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. स्वतःसाठी द्रव्यार्जन न करणे, जातिधर्मभेद न मानता सर्वांसाठी झटणे आणि कोणाशीही वैयक्तिक भांडण न करणे, यांचा त्यांत समावेश होता.

समविचार म्हणजे काय?

१९१५ मध्ये गोखले यांच्या निधनानंतर गांधीजींच्या सभासदत्वाचा प्रश्न समाजापुढे आला. सेवेच्या ध्येयाविषयी दुमत नव्हते. परंतु कार्यपद्धतीविषयी होते. सभासदांत फूट पडू नये म्हणून गांधीजींनी आपला अर्ज मागे घेतला. परस्परांतील स्नेह मात्र टिकला. ध्येयाबरोबर कार्यपद्धतीवरही एकमत हवे, हा यातील बोध होय. एकाच आळीतील, जातीतील किंवा पक्षातील माणसे जमविणे म्हणजे समविचार नव्हे.

गावपातळीवर

पाच वर्षांची उमेदवारी ग्रामीण मंडळास झेपणारी नाही. सहा महिन्यांची मात्र सहज झेपेल. उद्दिष्ट व कार्यपद्धती एका पानावर लिहून इच्छुकास प्रथम वाचावयास द्यावी. नंतर पुस्तकांची नोंद ठेवणे, वृद्ध रुग्णास तालुक्याच्या दवाखान्यात नेणे, असे एखादे नेमके काम सोपवावे. काम पाहूनच सभासदत्व द्यावे. ज्यांना वेळ नाही त्यांची देणगी आदराने स्वीकारावी. निर्णयाचा अधिकार मात्र कार्यकर्त्यांकडे राहावा. शिक्षक व पंचायत सदस्य यांनी महिला, शेतमजूर व तरुण यांच्या घरी स्वतः जाऊन निमंत्रण दिले पाहिजे; केवळ फलकावरील सूचना वाचून ही मंडळी सहसा येत नाहीत.

अशा रीतीने निवडलेले दहा सभासद शंभर पावत्यांहून मोलाचे ठरतात. संस्थापक निवृत्त झाल्यावरही ज्या वाचनालयाचे दार रोज उघडते, त्याने सभासद योग्य निवडले असे समजावे.