काचतंतूंच्या जुन्या नौकेची निगा

बंगळूर हे शहर समुद्रापासून दूर, सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे. तेथील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने विकसित केलेल्या ‘हंसा’ या दोन आसनी विमानाचा सांगाडा काचतंतू आणि राळ यांच्या संयोगातून घडविलेला आहे. ज्याला व्यवहारात फायबरग्लास म्हणतात, ते हेच द्रव्य. यातील तंतू ताण सोसतात आणि राळ त्यांना एकत्र बांधून ठेवते. याच द्रव्याच्या नौकाही जगभर बांधल्या जातात. मात्र विमान उड्डाणानंतर छपराखाली विसावते. नौका रात्रंदिवस पाण्यात असते. तिच्या निगेचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

फायबरग्लासला गंज चढत नाही व लाकूड पोखरणारे समुद्रकीटक त्याला लागत नाहीत. यावरून त्याला देखभाल लागतच नाही, असा समज रूढ झाला. तो बरोबर नाही. नौकेच्या तळावरील रंगीत राळेचा बाह्य थर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. वर्षानुवर्षे त्यातून पाण्याचे सूक्ष्म कण आत झिरपतात. राळेतील काही घटक त्यात विरघळतात व हा द्राव आणखी पाणी खेचून घेतो. आतला दाब वाढला, की पृष्ठभागावर फोड येतात. फोड फोडल्यास आंबट वासाचे पाणी बाहेर येते.

अशी नौका दुरुस्तीसाठी आली असता प्रथम तिची परीक्षा करावी. मडके टिचकी मारून पारखतात, त्याप्रमाणे लहान हातोडीने तळ ठिकठिकाणी ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला तर थर एकसंध आहेत; बद्द आवाज आला तर ते सुटले आहेत किंवा त्यांत पाणी शिरले आहे, असे समजावे. सदोष भाग खरवडून काढावा, गोड्या पाण्याने वारंवार धुवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. वाळण्यास कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिनेही लागतात. या कामी घाई करणे म्हणजे पाणी आत कोंडून वरून रंग चढविणे होय. कोकणात पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवतात, पण त्या दमट हवेत तळ वाळत नाही. म्हणून इपॉक्सी राळेचे नवे थर पावसाळा सरल्यावर, आर्द्रतामापकाने खात्री करूनच द्यावेत.

तडा गेला असल्यास तो नुसता भरून भागत नाही. त्याच्या कडा जाडीच्या बारापट अंतरापर्यंत उतरत्या घासाव्या लागतात. ६ मिलिमीटर जाडीसाठी हा उतार ७२ मिलिमीटरांचा होतो. त्यामुळे नव्या तंतूंना जुन्या तंतूंवर पुरेशी पकड मिळते. घासताना काचेची धूळ उडते, म्हणून नाक, डोळे व त्वचा झाकणे आवश्यक आहे.

यांत्रिक नौकेत आणखी दोन जागा जपाव्या लागतात. इंजिन ज्या आडव्या-उभ्या आधारांवर बसविलेले असते, त्यांच्या पोटात बहुधा लाकूड असते. खिळ्यांच्या छिद्रांतून पाणी शिरून ते कुजते. वरचे आवरण मात्र धड दिसते. दुसरी जागा म्हणजे पंख्याचा दांडा. त्याच्याजवळ जस्ताच्या वड्या बसवितात. खाऱ्या पाण्यात दांड्याऐवजी जस्त झिजते. वडी निम्मी झिजली, की बदलावी.

या शिस्तीचे मोल शिडाच्या नौकेवरही तेवढेच आहे. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेली, लाकडी गाभ्यावर काचतंतूंचे आवरण असलेली ‘तारिणी’ ही ५६ फुटी नौका २०१७ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या आणि मे २०१८ मध्ये गोव्यास परतल्या. पुढे २ ऑक्टोबर २०२४ रोजी तीच नौका दिलना के. व रूपा ए. या दोनच अधिकाऱ्यांना घेऊन पुन्हा निघाली व २९ मे २०२५ रोजी परतली. दक्षिण महासागरात मदत हजारो किलोमीटर दूर असते. तेथे नाविकाच्या आणि समुद्राच्या मध्ये तळाची ती पातळ भिंतच काय ती उभी असते. ती धड आहे की नाही, हे किनाऱ्यावर असतानाच पाहून घ्यावे लागते.