‘फरक पडला’ म्हणण्याआधी

आमच्या मुलाला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. आता त्याला मिसरूड फुटलं आहे. तो अडीच वर्षांचा असताना निदान झालं आणि घरात कारणांची रीघ लागली. मी गरोदरपणी ग्रहण पाळलं नव्हतं. बाळंतपणानंतर नोकरीवर लगेच रुजू झाले होते. जेवताना त्याच्या हातात मोबाईल दिला होता. एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेला) लस टोचून घेतली होती. शेजारच्या आजींनी जिभेला वेखंड लावायला सांगितलं, कुणी पोपटाने उष्टावलेला पेरू आणून दिला. ही माणसं वाईट नव्हती, त्याने बोलावं म्हणून त्यांचाही जीव तुटत होता. पण जवळजवळ प्रत्येक कारणाचं बोट आईकडे वळत होतं आणि प्रत्येक कारणामागे एकेक उपचार तयार उभा होता.

आईला दोष देणं हे काही फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये पुस्तक लिहून आईबापांच्या, विशेषतः आईच्या, थंडपणावर ठपका ठेवला होता. कितीतरी बायका तो ठपका उरात घेऊन जगल्या. त्याच्या तीन वर्षं आधीच बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशाच मुलाचा बाप होता, ऑटिझमचं मूळ मेंदूच्या घडणीत आहे असं मांडलं होतं. पुढे १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास केला आणि आनुवंशिकतेचा वाटा दिसू लागला. आज तो वाटा मोठा आहे हे पक्कं ठाऊक आहे, पण दोषी म्हणून दाखवावं असं एकच जनुक नाही. स्क्रीन कमी करावी, मुलाशी बोलावं, खेळावं, हे कुठल्याही मुलासाठी योग्यच. मात्र मोबाईल काढून घेतला की ऑटिझम जातो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

लसीच्या भीतीचा उगम तर नावानिशी सांगता येतो. अँड्र्यू वेकफील्ड यांनी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अवघ्या १२ मुलांवरचा, एमएमआर लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा लेख छापला. लसउत्पादकांवर दावा लावणाऱ्या वकिलाकडून त्यांनी पैसे घेतल्याचं पत्रकार ब्रायन डीअर यांनी उघडकीस आणलं. २०१० मध्ये लेख मागे घेतला गेला आणि वेकफील्ड यांचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदणीतून काढलं गेलं. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमच्या प्रमाणाचा फरक आढळला नाही, अगदी ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम होता त्यांच्यातही नाही. तरीही थेरपी सेंटरच्या बाकावर अजून ऐकू येतं, ‘धाकटीला आम्ही गोवरची लस नाही देणार.’ २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवर पसरला आणि मुलं दगावली, ती याच गोवराने.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती ‘फरक पडला’ या दोन शब्दांची. आमच्याकडे एका ओळखीच्या वैद्यांच्या पुड्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत मुलगा ‘पाणी’ म्हणाला. घरात आनंद झाला. सगळं श्रेय पुड्यांना गेलं आणि स्पीच थेरपीचा खर्च आता कशाला, असा विषय निघाला. माझ्या नणंदेने गणपतीतला मोबाईलवरचा व्हिडिओ शोधून काढला. त्यात आरतीच्या गलक्यात तो माठाकडे हात करून ‘पाई, पाई’ म्हणत होता, पुड्या यायच्या कितीतरी आधी. स्वमग्न मूलही वाढत असतं, शिकत असतं. वाढ झाली की त्या महिन्यात जे काही चालू असेल त्याच्या पदरात श्रेय पडतं.

असं फक्त आपल्यासारख्या घरांतच होतं असंही नाही. सिक्रेटिन नावाच्या संप्रेरकाच्या इंजेक्शनाने मुलं बोलू लागतात, अशी अमेरिकेत हवा झाली होती. १९९९ मध्ये काही मुलांना ते आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचून पाहिलं. कुणाला काय दिलं हे आईबापांना माहीत नव्हतं. दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारलेली दिसली. निकाल कळल्यावरही त्यातल्या दोनतृतीयांशांहून जास्त पालकांना सिक्रेटिन हवंच होतं. मला त्या पालकांचं नवल वाटत नाही. ती आस मी जवळून ओळखते.

म्हणून एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा. सुरू करण्याआधीचे साधे व्हिडिओ काढून ठेवा, जेवतानाचे, खेळतानाचे. काही महिन्यांनी ते अशा कुणाला तरी दाखवा, ज्याला उपचाराची काही माहिती नाही. पुडीत काय आहे हे लिहून मागा. लिहून देत नसतील तर ती मुलाच्या पोटात घालू नका; २००४ मध्ये बॉस्टन परिसरातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. फिट्सचं औषध चालू असेल तर कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका.

काही उपचार तर उघड धोक्याचे असतात. शरीरातले जड धातू काढतो म्हणून चिलेशन करतात. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात त्यापायी पाच वर्षांचा मुलगा गेला. रक्तातलं कॅल्शियम उतरलं आणि हृदय थांबलं. उपचार म्हणून पाजतात ते क्लोरीन डायऑक्साइडचे थेंब म्हणजे तर ब्लीच. आणि स्टेम सेल! कमरेच्या हाडातून मगज काढायचा, पाठीच्या कण्यात टोचायचा, आणि त्यासाठी लाखांत पैसे. आमच्यासमोरही चकचकीत पुस्तिका ठेवली गेली होती. तुलनेचा गट कुठे आहे, असं माझ्या नवऱ्याने विचारल्यावर उत्तरादाखल आणखी पालकांचे व्हिडिओ दाखवले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस नाही, आणि त्याची जाहिरात करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरेल, असं स्पष्ट केलं. त्यानंतरही कुणी दागिने मोडायला निघालं असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

तो पैसा आणि ती ताकद दुसरीकडे हवी असते. आधी कानांची तपासणी करून घ्या. मग बालविकासतज्ज्ञ, स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आणि त्यांच्याकडे शिकलेलं घरी, आंघोळीत, भाजी निवडताना रोज वापरणं. चित्रांची कार्डं दिली तर मूल बोलायचंच नाही, ही भीती खोटी आहे. आमचा मुलगा आधी कार्डाने पोळी मागायला शिकला, आणि मागता येऊ लागल्यावर त्याचं डोकं आपटणं कमी झालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढायला लाजू नका. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीचाही समावेश आहे. अर्जाला दिव्यांग प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते काम आधी उरका.