मेढ्याहून परदेशी संघाचा फुटबॉल सामना पाहायचा, तर खर्च किती?

रात्री दोन वाजता टीव्हीवर युरोपातले सामने पाहणारी पोरं आता जावळीतही गावोगाव आहेत. त्यातल्या प्रत्येकाला एकदा तरी मैदानात बसून परदेशी संघ पाहायचा असतो. बाहेरचा क्लब भारतात येऊन इथल्या क्लबशी खेळणार अशी बातमी आली, की पहिला प्रश्न तिकीट कितीला, हा असतो. मेढ्यात राहणाऱ्याने तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. सामना किती वाजता संपतो आणि त्यानंतर परतायला गाडी कोणती, याचे उत्तर आधी काढावे. खर्चाचा मोठा भाग तिथेच ठरतो.

त्याआधी आपण नेमके काय विकत घेतो आहोत, हे समजून घेऊ. परदेशी संघ दोन कारणांनी येतो. एक म्हणजे हंगामपूर्व सराव सामना. युरोपातला हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, त्यामुळे तिथले क्लब जुलैत दौऱ्यावर निघतात. भारतात अशी ठळक स्पर्धा कोचीत झाली. २०१८ च्या जुलैमध्ये केरळ ब्लास्टर्स, ऑस्ट्रेलियाचा मेलबर्न सिटी आणि स्पेनचा जिरोना असे तीन संघ तिथल्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर खेळले. मेलबर्नने ब्लास्टर्सला ६-० हरवले, जिरोनाने मेलबर्नला ६-० आणि ब्लास्टर्सला ५-०. लोकांना चांगला फुटबॉल पाहायला मिळाला, पण चुरस मिळाली नाही. सराव सामन्यात प्रशिक्षक सगळ्यांना थोडे थोडे खेळवून पाहतो. दुसऱ्या हाफला अर्धा संघ बदललेला असतो. त्यात आपल्या क्लबचीही तयारी पुरी झालेली नसते.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पुण्याचे. पुण्याच्या व्यंकीज समूहाने २०१० मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब घेतला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो संघ बालेवाडीला येऊन पुणे एफसीशी खेळला आणि ३-० जिंकला. तोही मैत्रीपूर्ण सामनाच होता.

दुसरे कारण म्हणजे आशियाई क्लब स्पर्धा. तिच्या गटात प्रत्येक संघाला प्रतिस्पर्ध्याच्या घरी जावेच लागते, गुण पणाला लागलेले असतात आणि प्रशिक्षक खरा संघ उतरवतो. २०२३ मध्ये मुंबई सिटीने इराणचा नस्साजी आणि उझबेकिस्तानचा नवबहोर या संघांशी घरचे सामने बालेवाडीत खेळले, तर सौदी अरेबियाच्या अल हिलालशी ६ नोव्हेंबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. तिन्ही सामने मुंबई हरली, तरी मैदानावर सुट्टीचा मूड कुणाचाच नव्हता. गोव्यात २२ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्याला एफसी गोवा आणि अल नस्र यांचा सामना झाला. गोवा १-२ ने हरले, पण ब्रायसन फर्नांडिसने केलेला गोल आयुष्यभर सांगावा असा आहे. माझे मत सरळ आहे. पैसे मोजून एकच सामना पाहायचा असेल, तर सराव सामन्यापेक्षा गुणांचा सामना निवडा.

आता हिशेब. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीचा दर सहा किलोमीटरच्या टप्प्याला साधारण दहा रुपये आहे. शिवशाहीचा चौदाच्या पुढे, शिवनेरीचा एकवीसच्या पुढे. पुढचे आकडे मी याच दराने अंतरावरून काढले आहेत. खिडकीवर पाच-दहा रुपये इकडेतिकडे होतील. मेढा ते सातारा पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे पन्नास रुपये. साताऱ्याहून स्वारगेट एकशे दहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एकशे नव्वद. कोल्हापूर (ते कशाला, हे शेवटी येईल) सव्वाशे किलोमीटर, म्हणजे दोनशे दहा. नेरुळ सव्वादोनशेच्या पुढे, म्हणजे तीनशे नव्वदपर्यंत. मेढ्याहून जाऊन-येऊन धरले, तर पुणे ४८०, कोल्हापूर ५२०, नेरुळ ८८० रुपये.

महिलांना यातले निम्मेच लागतात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना सरसकट ५० टक्के सवलत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे तिकीट, ७५ च्या पुढे मोफत. मुलींचा संघ सामना पाहायला न्यायचा म्हटले की शाळेत पहिला आक्षेप खर्चाचा येतो. त्या शिक्षकांनी हा आकडा मुख्याध्यापकांपुढे ठेवावा. नेरुळचा जाऊन-येऊन एसटी खर्च मुलीमागे ४४० रुपये. शाळेची सहल म्हणून पूर्ण गाडी घेतली, तर एसटी सहलींनाही निम्म्या दराची सवलत देते. त्यासाठी मेढा आगारात शाळेचे पत्र घेऊन आधी जावे लागते, कारण सहलीच्या दिवसांत गाड्या लवकर ठरून जातात.

भाड्याचे गणित इथे संपले. खरा प्रश्न रात्रीचा. मोठे सामने संध्याकाळी उशिरा किंवा रात्रीच असतात. बालेवाडीचा सामना संपवून स्वारगेटला यायला पंधरा-सोळा किलोमीटर, रिक्षाचे मीटर अडीचशे ते तीनशे दाखवते, मध्यरात्रीनंतर त्यावर जादा. स्वारगेटहून कोल्हापूर-सांगलीकडे जाणारी गाडी रात्री मिळते, ती साताऱ्याला पहाटे सोडते. पण साताऱ्याहून मेढ्याला त्या वेळी काही नाही, वडापही नाही. मग पहिल्या गाडीपर्यंत स्टँडवर बसायचे किंवा लॉज घ्यायचा. साधा लॉज धरला तरी हजार रुपये गेले, म्हणजे पुण्याच्या दोन फेऱ्यांचे एसटी भाडे. काही जण जाताना दुचाकी साताऱ्यात पे अँड पार्कला लावून जातात. हिवाळ्यात हे चालते. पावसाळ्यात मात्र रात्रभर जागून, ओल्या रस्त्यावर, पहाटेच्या अंधारात पंचवीस किलोमीटर गाडी चालवू नका. त्यापेक्षा लॉजचे हजार रुपये स्वस्त.

म्हणून चौघे मिळून चारचाकी काढणे परवडते. बालेवाडीचे क्रीडासंकुल महामार्गालगतच आहे, पुणे शहरात शिरावे लागत नाही. मेढ्याहून कुडाळमार्गे पाचवडला महामार्गाला लागता येते. जाऊन-येऊन पावणेतीनशे किलोमीटर, लिटरला पंधरा किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर एकोणीसशे-दोन हजारांचे इंधन, वर टोल. माणशी साडेपाचशे-सहाशे. एसटीपेक्षा थोडे जास्त, पण रिक्षा आणि लॉज दोन्ही वाचतात. स्वतःच्या गाडीला वर्षाचा फास्टॅग पास असेल (२०२५ मध्ये ३,००० रुपये, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष), तर राष्ट्रीय महामार्गावर वेगळा टोल नाही. हा पास खासगी गाडीलाच मिळतो, भाड्याच्या पिवळ्या पाटीच्या गाडीला नाही. भाड्याची गाडी घेताना तीन गोष्टी आधी बोलून घ्या: दिवसाला किमान किती किलोमीटरचे पैसे लागणार, चालकाचा रात्रीचा भत्ता किती, आणि टोल-पार्किंग कुणाकडे. परतताना चालकाला झोप येते आहे असे वाटले, तर गाडी थांबवायला लाजू नका.

नेरुळचा सामना लांबचा, पण एसटीने जाणाऱ्या जावळीकरांसाठी तोच बहुधा स्वस्त पडतो. आपल्याकडची कितीतरी घरे माथाडी कामाच्या निमित्ताने नवी मुंबईत स्थिरावली आहेत. कोपरखैरणे आणि घणसोलीत तर आपल्या तालुक्याची माणसे पावलोपावली भेटतात. मामाकडे किंवा चुलत्याकडे रात्रीचा मुक्काम झाला की लॉजचा खर्च उरतच नाही. सकाळी उठून निवांत निघता येते. एसटीचे ८८०, लोकल आणि रिक्षाचे शंभर-दीडशे, जेवण-चहाचे तीनशे. तिकीट पाचशेचे धरले, तर अठराशे-एकोणीसशेत सगळे बसते. जाताना घरचा तांदूळ घेऊन जा, हे सांगायला नकोच.

फातोर्ड्यासाठी रेल्वे बरी. निजामुद्दीन-वास्को गोवा एक्सप्रेस सातारा आणि मडगाव दोन्हीकडे थांबते. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. साताऱ्याचे स्टेशन माहुलीला, गावाबाहेर आहे, त्यामुळे मेढ्याहून तिथवरचा प्रवासही हिशेबात धरा. गोव्यात एक रात्र लागतेच, आणि दिवाळीनंतर तिथे खोल्यांचे दर चढतात. सगळे मिळून माणशी साडेतीन-चार हजारांची तयारी हवी.

एक खर्च कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो. हंगामपूर्व सामने जुलै-ऑगस्टमध्ये येतात आणि तेव्हा जावळीत भातलावणी चालू असते. लावणीच्या ऐन दिवसांत घरातली दोन माणसे दोन दिवस गेली, तर त्यांच्या जागी मजूर लावावे लागतात. आशियाई स्पर्धेचे गटसामने सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये असतात. लावणीशी तरी त्यांची गाठ पडत नाही.

आता तिकिटाकडे. तिकीट खेळाडूच्या नावावर घेऊ नका. अल हिलाल आले तेव्हा नेमार जखमी होता, तो खेळला नाही. अल नस्र गोव्याला आले तेव्हा रोनाल्डो आलाच नाही. दोन्ही वेळा संघ आला, सामना झाला, त्यामुळे पैसे परत मागायला जागा नव्हती. तिकिटाने सामन्याचे वचन दिलेले असते, खेळाडूचे नाही. १३ डिसेंबर २०२५ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर तर मेस्सी खेळणार असा सामनाही नव्हता. हजारो रुपये भरून आलेल्या लोकांना गराड्यातला मेस्सी काही मिनिटे लांबून दिसला, तो लवकर निघून गेला आणि मैदानात मोडतोड झाली. आयोजकाला अटक झाली. कार्यक्रम सामन्याचा आहे की दर्शनाचा, हे जाहिरातीत नीट वाचा. अर्जेंटिनाचा संघ २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये केरळात खेळणार असे गाजले होते, तेही घडले नाही. म्हणून स्पर्धेच्या अधिकृत वेळापत्रकात तारीख आणि मैदान येईपर्यंत रेल्वेचे, एसटीचे किंवा हॉटेलचे पैसे अडकवू नका.

अ‍ॅपवर तिकीट काढताना शेवटच्या पानावरची रक्कम पाहा. पहिल्या पानावर ४९९ दिसते आणि पैसे भरताना सुविधा शुल्क, देणगी, विमा असे काही चिकटते. शुल्क शेवटपर्यंत लपवणे आणि न विचारता वस्तू टोपलीत टाकणे या दोन्हींना २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी बंदी घातली आहे. मान्यताप्राप्त क्रीडा स्पर्धेचे ५०० रुपयांपर्यंतचे तिकीट जीएसटीमुक्त असते, त्यापुढे १८ टक्के. आयपीएलसारख्या स्पर्धांना २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. तिकिटावर कोणता कर लावला आहे, हे पाहायचा तुम्हाला हक्क आहे. मैदानाबाहेर कुणी मोबाइलवरचे तिकीट दाखवून विकत असेल, तर घेऊ नका. तोच क्यूआर कोड त्याने आणखी चौघांना विकलेला असू शकतो, आणि आत फक्त पहिला जातो.

एवढे सगळे वाचून खिसा नाही म्हणत असेल, तर कोल्हापूर गाठा. नोव्हेंबर-डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब अशा पेठांच्या संघांचे सामने चालतात. १९४० पासूनच्या कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या लीगने हंगाम उघडतो, मग नॉकआऊट स्पर्धा लागतात. परदेशी संघ तिथे येत नाही, पण पेठांच्या संघांतून आफ्रिकी खेळाडू खेळताना दिसतात आणि गॅलरी अशी पेटलेली असते, की तसा आवाज मोठ्या मैदानावरही क्वचित ऐकू येतो. सामने दुपारचे असतात, त्यामुळे रात्री घरी पोचता येते. प्रवास, जेवण, तिकीट मिळून माणशी हजाराच्या आत. अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा, २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला. मुलांना घेऊन पहिला सामना पाहायचा असेल, तर मी इथूनच सुरुवात करा म्हणेन. शेजारच्या देशांचे लष्करी संघ पाहायची आवड असेल, तर ड्युरँड चषक पाहा. २०२३ मध्ये बांगलादेश आणि नेपाळचे लष्करी संघ त्यात उतरले. मैदाने मुख्यतः कोलकाता आणि ईशान्येकडची, म्हणून तो टीव्हीवरच बरा.

सामना रद्द झाला आणि पैसे आले नाहीत, तर आयोजकाला आणि तिकीट विकणाऱ्या अ‍ॅपला आधी लेखी मेल करा. तिकीट, पैसे भरल्याची पावती, रद्द झाल्याच्या घोषणेचा फोटो जपून ठेवा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, फोन फुकट आहे. तिथेही जमले नाही, तर मुंबई-पुण्याला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.